खांदेरीचे दीपगृह : इतिहास, रचना व पाठाची दिशा

धुळे जिल्ह्यास समुद्रकिनारा नाही. तापी शिरपूर व शिंदखेडे तालुक्यांच्या मधून वाहत जाऊन सुरतेपलीकडे समुद्रास मिळते, हे आपले विद्यार्थी तोंडपाठ सांगतात. परंतु त्यांतील पुष्कळांनी समुद्र डोळ्यांनी पाहिलेला नसतो. अशा वर्गात ‘दीपगृह’ हा शब्द आला म्हणजे शिक्षक फळ्यावर एक उंच मनोरा काढतात, ‘रात्री जहाजांना उजेड दाखविणारा मनोरा’ असा अर्थ सांगतात आणि पुढील ओळीकडे वळतात. हा अर्थ अगदीच चुकीचा नाही. पण त्यामुळे मुलांच्या मनात एक भलतीच समजूत घर करून राहते. गावच्या चौकातील दिव्याप्रमाणे हा दिवा समुद्रावर प्रकाश पाडतो व त्या प्रकाशात जहाजे वाट काढतात, असे मुलांना वाटू लागते.

वास्तविक दीपगृह समुद्र उजळीत नाही. आपण कोठे उभे आहोत एवढेच ते दुरून येणाऱ्या नाविकास सांगते. तो दिवा कोणत्या ठिकाणचा हे ओळखले, की नाविक आपल्या नकाशावर स्वतःची जागा ठरवितो आणि खडक टाळून वाट धरतो. ही एक गोष्ट मुलांच्या मनावर नीट ठसली, तर भूगोल, इतिहास, विज्ञान व गणित हे चारही विषय एका पाठात सहज गुंफता येतात. त्यासाठी आपल्याच राज्यातील खांदेरी बेटावरील दीपगृहाचे उदाहरण अतिशय उपयुक्त आहे.

खांदेरी कोठे आहे?

मुंबई बंदराच्या तोंडापासून दक्षिणेस समुद्रात खांदेरी व उंदेरी अशी दोन लहान बेटे आहेत. ती रायगड जिल्ह्याच्या अलिबाग तालुक्यात मोडतात. खांदेरी हे बेट थळ गावाच्या किनाऱ्यापासून सुमारे ५ किलोमीटर आत आहे; उंदेरी किनाऱ्यास अधिक जवळ आहे. खांदेरीवर दोन टेकड्या असून भोवती तटबंदी आहे. बेटावर वेताळाचे स्थान आहे व कोळी बांधवांची त्यावर श्रद्धा आहे. आघात केला असता धातूसारखा नाद देणारा एक खडकही तेथे दाखविला जातो.

येथे दोन नावांविषयी शिक्षकांनी मुलांना सावध करावे. मुंबईच्या दक्षिण टोकास कुलाबा म्हणतात आणि अलिबागजवळच्या जलदुर्गाचे नावही कुलाबा असेच आहे. आजच्या रायगड जिल्ह्याचे १९८१ पर्यंतचे नावदेखील कुलाबा हेच होते. तसेच खांदेरीसमोरचे थळ हे गाव आणि कसाऱ्याचा थळ घाट यांचा काहीही संबंध नाही. नकाशा समोर ठेवून ही स्थळे एकदा बोटाने दाखविली, तर घोटाळा होणार नाही.

बेटासाठी झालेला झगडा

खांदेरी लहान असली तरी मोक्याच्या जागी आहे. मुंबईत इंग्रज होते आणि दक्षिणेस जंजिऱ्यास सिद्दी होता. सिद्दीचे आरमार पावसाळ्यात मुंबईच्या आश्रयास येऊन राहत असे व तेथून स्वराज्याच्या किनाऱ्यास उपद्रव देई. या दोघांच्या मध्ये असलेल्या बेटावर ठाणे बसविले, तर दोघांवरही नजर राहील, हे छत्रपती शिवाजी महाराजांनी हेरले. १६७२ मध्ये तसा पहिला प्रयत्न झाला. पुढे १६७९ च्या पावसाळ्याअखेर मायनाक भंडारी यांच्या देखरेखीखाली खांदेरीवर तटबंदीचे काम जोराने सुरू झाले.

मुंबईकर इंग्रजांनी यास हरकत घेतली. त्यांनी बेटास आरमाराचा वेढा दिला. सप्टेंबर व ऑक्टोबर १६७९ मध्ये तेथे झटापटी झाल्या. इंग्रजांची गलबते मोठी होती व त्यांवर तोफाही भारी होत्या. मराठ्यांच्या होड्या लहान, अरुंद व वल्ह्यांवर चालणाऱ्या होत्या. वारा पडला की मोठे गलबत जागीच खिळून राही आणि उथळ पाण्यात तर त्यास शिरताच येत नसे. मराठ्यांच्या होड्या मात्र रात्रीच्या वेळी किनाऱ्यावरून निघून दारूगोळा, शिधा व माणसे बेटावर पोहोचवीत. वेढा असूनही बांधकाम थांबले नाही. अखेर १६८० च्या प्रारंभी इंग्रजांनी हा नाद सोडला. त्याच सुमारास सिद्दीने शेजारची उंदेरी बळकावली, आणि दोन बेटांवरच्या तोफा एकमेकींकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

पुढे सरखेल कान्होजी आंग्रे यांच्या काळात खांदेरी हे मराठी आरमाराचे बळकट ठाणे झाले. १७१८ मध्ये मुंबईचा गव्हर्नर चार्ल्स बून याने खांदेरीवर मोठी मोहीम पाठविली; ती निष्फळ ठरली. १८१८ मध्ये पेशवाईचा शेवट झाला तेव्हा मात्र हे बेट इंग्रजांच्या हाती गेले.

आपल्या विद्यार्थ्यांस खांदेरी परकी वाटू नये म्हणून आणखी एक गोष्ट सांगावी. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या १२ किल्ल्यांचा समावेश जागतिक वारशाच्या यादीत केला. त्यांत समुद्रातील खांदेरी आहे, तसाच आपल्या साक्री तालुक्यास लागून असलेल्या बागलाणातील साल्हेरही आहे. एक किल्ला डोंगराच्या माथ्यावर व दुसरा लाटांच्या मध्यावर. पण दोन्ही एकाच राज्याच्या संरक्षणाची अंगे होती.

किल्ल्यावर दिवा का लागला?

तोफांची गरज संपली, तेव्हा या खडकाचे दुसरेच काम पुढे आले. त्याचा संबंध काही अंशी आपल्या खानदेशाच्या काळ्या जमिनीशी आहे.

१८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते. तेथील कापूस इंग्लंडच्या गिरण्यांस मिळेनासा झाला आणि हिंदुस्थानातील कापसास एकाएकी मोठी मागणी आली. खानदेशातील कापूस पूर्वी बैलगाड्यांनी व लमाणांच्या तांड्यांनी, धुळ्यावरून जाणाऱ्या आग्रा रस्त्याने, घाट उतरून मुंबईस जात असे. १८६५ मध्ये कसारा घाटातील लोहमार्ग खुला झाला व तोच कापूस आगगाडीने बंदरावर जाऊ लागला. १८६९ मध्ये सुएझचा कालवा उघडल्यावर युरोपचा जलमार्ग कितीतरी जवळ आला आणि मुंबईस येणाऱ्या आगबोटींची संख्या वाढत गेली.

जहाजे वाढली की अपघाताचे भयही वाढते. मुंबईच्या परिसरातील समुद्रात जागोजागी खडक आहेत. त्यांतील काही भरतीच्या वेळी पाण्याखाली जातात व ओहोटीस उघडे पडतात; रात्री ते दिसत नाहीत. दक्षिणेकडून येणाऱ्या जहाजास बंदर जवळ आले हे वेळीच कळावे, म्हणून १८६७ मध्ये खांदेरीच्या किल्ल्यात दगडी अष्टकोनी दीपगृह उभारण्यात आले. त्यानंतर ८ वर्षांनी, १८७५ मध्ये, मुंबईच्या कुलाबा टोकापुढील खडकाळ पट्ट्यावर प्राँग्ज दीपगृह बांधून झाले. अभियंता थॉमस ऑर्मिस्टन याने ते बांधले. त्याची उंची सुमारे ४१ मीटर आहे. ओहोटीच्या वेळी त्याच्यापर्यंत खडकांवरून पायी जाता येते आणि भरतीच्या वेळी त्यास चहूंकडून पाण्याचा वेढा पडतो. कुलाब्याच्या जमिनीवर अठराव्या शतकापासून एक जुने दीपगृह होते. नवे दीपगृह खडकांच्या पुढच्या टोकावर उभे राहिल्याने जुन्याचे काम संपले.

इंग्रज सरकारने ही दीपगृहे आपल्या व्यापाराच्या सोयीसाठी बांधली, हे विद्यार्थ्यांस स्पष्ट सांगावे. तथापि दिव्याचा एक गुण असा, की तो लावणाऱ्याच्या हेतूपुरता मर्यादित राहत नाही. परदेशी आगबोटीच्या कप्तानास तो जसा दिसला, तसाच थळच्या कोळ्यास व रत्नागिरीहून येणाऱ्या गलबताच्या तांडेलासही दिसला. ज्या बेटासाठी तीन सत्ता एकमेकींशी झगडल्या, तेथील उजेड मित्र-शत्रू असा भेद न करता सर्वांस सारखा मिळू लागला. खांदेरीच्या इतिहासातील हे स्थित्यंतर मुलांना अवश्य समजावून द्यावे. आज या दीपगृहास कान्होजी आंग्रे यांचे नाव देण्यात आले आहे.

दिव्याची रचना

कंदील टेबलावर ठेवला असता त्याचा उजेड सर्व बाजूंस पसरतो. छतावरही पडतो व जमिनीवरही पडतो. दीपगृहाच्या दिव्याचे असे झाले तर आकाशाकडे व पायथ्याकडे गेलेला उजेड फुकट जाईल. नाविक असतो क्षितिजाकडे. म्हणून सगळा उजेड गोळा करून क्षितिजाच्या दिशेस वळविणे हा दीपगृहाच्या रचनेतील मुख्य प्रश्न असतो.

तो प्रश्न फ्रान्समधील ऑगस्टिन फ्रेनेल या शास्त्रज्ञाने उत्तम रीतीने सोडविला. एवढ्या मोठ्या कामासाठी अखंड जाड भिंग केले तर ते अतिशय जड होईल व त्याच्या जाडीतच पुष्कळ उजेड नाहीसा होईल. फ्रेनेलने भिंगाचा वक्र पृष्ठभाग तेवढा राखला आणि आतील अनावश्यक काच काढून टाकून कडी-कडीचे भिंग तयार केले. मध्यभागी भिंग व त्याभोवती काचेच्या लोलकांची वलये, अशी ही रचना होती. १८२३ मध्ये फ्रान्समधील कॉर्दुआँ दीपगृहात ती प्रथम वापरण्यात आली व थोड्याच वर्षांत जगभर पसरली. एका साध्या तेलाच्या दिव्याचा उजेड या भिंगातून कित्येक किलोमीटर जाऊ लागला.

पूर्वी दीपगृहांत तेलाच्या वाती जळत. विसाव्या शतकाच्या आरंभी रॉकेलची वाफ करून ती जाळीत पेटविण्याची पद्धत आली. आपल्या खेड्यांत लग्नाच्या वरातीत व तमाशाच्या फडात जी गॅसबत्ती तेवत असे, तिचे तत्त्वही हेच. घरच्या वडीलधाऱ्या मंडळींनी ती पाहिलेली असते. मुलांनी त्यांच्याकडून तिचे वर्णन ऐकून यावे. त्यानंतर दीपगृहांत विजेचे दिवे आले.

जुन्या दीपगृहांत भिंग फिरविण्यासाठी घड्याळासारखे यंत्र असे. साखळीस बांधलेले वजन मनोऱ्यातून हळूहळू खाली उतरे व त्याच्या ओढीने भिंग फिरे. वजन तळाशी आले की रखवालदार किल्ली देऊन ते पुन्हा वर चढवी. कित्येक टनांचे भिंग सहज फिरावे म्हणून मोठ्या दीपगृहांत ते पाऱ्याच्या कुंडावर तरंगत ठेवीत. रखवालदार वात कापी, काजळी पुशी, काचा लखलखीत ठेवी व रात्रभर पहारा करी. सूर्यास्तास दिवा लागलाच पाहिजे व सूर्योदयापर्यंत तो विझता कामा नये, हा नियम. दिवसा भिंगावर पडदे ओढीत. कारण भिंगातून उलट आत येणारे ऊन एका जागी एकवटून आग लागण्याचा धोका असे.

उजेड किती दूरवरून दिसतो?

दीपगृह उंच का बांधतात, याचे उत्तर पृथ्वीच्या गोलाईत आहे. समुद्राचा पृष्ठभाग सपाट भासला तरी तो वाकलेला आहे. दिवा कितीही प्रखर असला, तरी ठराविक अंतरापलीकडे तो क्षितिजाखाली जातो. हे अंतर काढण्याचा हिशेब पायथागोरसच्या सिद्धान्तावरून मिळतो व वरच्या वर्गांना तो करता येण्याजोगा आहे. उंचीच्या मीटरांचे वर्गमूळ काढून त्यास ३.५७ ने गुणले असता क्षितिजाचे अंतर किलोमीटरांत येते.

उदाहरणार्थ, दिवा समुद्रसपाटीपासून ३६ मीटर उंच असेल, तर ३६ चे वर्गमूळ ६. ६ गुणिले ३.५७ म्हणजे सुमारे २१ किलोमीटर. नाविकाचे डोळे पाण्यापासून ९ मीटर उंच असतील, तर त्याचे क्षितिज ३ गुणिले ३.५७, म्हणजे सुमारे ११ किलोमीटरांवर असेल. दोन्ही अंतरांची बेरीज केली म्हणजे तो दिवा नाविकास सुमारे ३२ किलोमीटरांवरून दिसू लागेल. उंची चौपट केली तर क्षितिजाचे अंतर मात्र दुप्पटच होते, हेही मुलांकडून काढून घ्यावे. हवेतील वक्रीभवनामुळे प्रत्यक्ष अंतर थोडे अधिक भरते आणि धुके व पाऊस असल्यास कमी होते.

दिव्याची ओळख

एकाच किनाऱ्यावर अनेक दिवे असतील, तर हा खांदेरीचा व तो प्राँग्जचा हे नाविकास कसे कळावे? यासाठी प्रत्येक दीपगृहास स्वतःची ठराविक खूण नेमून दिलेली असते. कोठे ठराविक सेकंदांनी एकच झोत दिसतो, कोठे दोन झोत लागोपाठ दिसून मग काळोख होतो. कोणत्या दिव्याची कोणती खूण, याची यादी छापलेली असते व ती नाविकाजवळ असते. घड्याळ हाती धरून त्याने झोत मोजले की दिव्याचे नाव कळते. दिवसा हीच ओळख मनोऱ्याच्या आकारावरून व रंगाच्या पट्ट्यांवरून पटते.

यावरून दीपगृहाच्या कामातील मर्म लक्षात येईल. दिवा प्रखर असून भागत नाही. त्याची खूण रोज अचूक तीच असावी लागते. खूण बदलली, तर विझलेल्या दिव्यापेक्षाही तो अधिक घातक ठरेल. कारण नाविक त्यावर विश्वासून चुकीच्या दिशेने सुकाणू वळवील.

दीपगृहाचा खर्च व त्याची मर्यादा

दीपगृहाचा उजेड वाटेने जाणाऱ्या प्रत्येकास मिळतो. त्यास दार लावून पैसे घेता येत नाहीत. मग खर्च कोणी सोसावा? आपल्या देशात १९२७ च्या दीपगृह अधिनियमाने यासाठी व्यवस्था केली. बंदरात येणाऱ्या-जाणाऱ्या जहाजांकडून शुल्क घेऊन त्यातून दीपगृहे चालविली जाऊ लागली. २०२१ मध्ये या कायद्याच्या जागी नवा कायदा आला. शुल्काची पद्धत कायम आहे. गावची विहीर, पार व रस्ता ज्याप्रमाणे सर्वांच्या वर्गणीतून उभे राहतात व सर्वांच्या उपयोगी पडतात, त्याप्रमाणेच हे समजावे. नागरिकशास्त्राच्या पाठास याहून सोपे उदाहरण मिळणे कठीण.

दीपगृह सर्व संकटे टाळते, असे मात्र मुलांना सांगू नये. १७ जुलै १९४७ रोजी सकाळी ‘रामदास’ ही आगबोट मुंबईहून रेवसला जाण्यास निघाली आणि पावसाळी वादळात मुंबईनजीकच उलटून बुडाली. सहाशेहून अधिक माणसे त्या दिवशी प्राणांस मुकली. ती वेळ दिवसाची होती. दिवा न दिसल्यामुळे तो अपघात झाला नाही. दीपगृह जागा दाखविते. वारा व लाटा आवरणे त्याच्या हाती नसते. हवामान पाहून बोट सोडावी की न सोडावी, हा निर्णय माणसांनाच घ्यावा लागतो.

आज जहाजांवर उपग्रहांच्या साहाय्याने स्थान सांगणारी यंत्रे आहेत. तरीही यंत्र बिघडले वा त्याविषयी शंका आली, तर डोळ्यांनी पडताळून पाहण्याचे साधन म्हणून दीपगृहांचे महत्त्व टिकून आहे. लहान होड्यांतून मासेमारी करणाऱ्यांस तर ते विशेषच आहे.

वर्गात करावयाचे प्रयोग

१. एक मोठा माठ उपडा ठेवावा व तो पृथ्वी मानावा. वर ओल्या मातीच्या गोळीत एक लहान काडी उभी करावी. काडीच्या टोकास दोरा बांधून तो ताणावा व माठास जेमतेम स्पर्श करील तेथे खडूने खूण करावी. नंतर त्याच जागी मोठी काडी लावून तीच कृती करावी. दुसरी खूण अधिक दूर पडते. उंच मनोऱ्याचा उपयोग मुलांना न सांगता कळेल.

२. खोलीत अंधार करून मुलांना वर्तुळात बसवावे. मध्ये एका मुलाने पेटती विजेरी आडवी धरून सावकाश गोल फिरावे. प्रत्येकास आपल्याकडे झोत येऊन गेलेला दिसेल, परंतु विजेरी एकदाही विझलेली नसेल. फिरत्या भिंगाच्या दीपगृहात दिवा सतत जळत असूनही तो लुकलुकल्यासारखा का दिसतो, हे यावरून स्पष्ट होते.

३. फळ्यावर तीन काल्पनिक दीपगृहांच्या खुणा लिहाव्यात : पहिल्याचा दर ५ सेकंदांस एक झोत, दुसऱ्याचा दर १० सेकंदांस एक झोत, तिसऱ्याचे दर १० सेकंदांस लागोपाठ दोन झोत. एका मुलाने विजेरीपुढे पुठ्ठा धरून यांपैकी एक खूण दाखवावी. इतरांनी सेकंद मोजून नाव ओळखावे. मग दाखविणाऱ्यास मुद्दाम एक चूक करण्यास सांगावे. वर्गात लगेच मतभेद सुरू होतील. ‘आपण सर्व या वेळी खऱ्या जहाजावर असतो तर?’ एवढाच प्रश्न विचारून शिक्षकांनी थांबावे.

मुलांना विचारावयाचे प्रश्न

१. खांदेरीवर किल्ला बांधण्याची आवश्यकता शिवाजी महाराजांना का वाटली?
२. लहान होड्यांनी मोठ्या गलबतांचा वेढा कसा निष्फळ केला?
३. खानदेशच्या कापसाचा मुंबई बंदराच्या वाढीशी काय संबंध होता?
४. लळिंगच्या किल्ल्यावर दिवा लावून धुळे शहरास एखादी सूचना द्यावयाची झाली, तर तिच्यासाठी तुम्ही कोणती खूण ठरवाल? ती इतरांस आधी कळविणे का आवश्यक आहे?

शेवटचा प्रश्न मुलांकडून मैदानावर सोडवून घ्यावा. त्यांनी ठरविलेली खूण ज्या मुलांना आधी सांगितली असेल त्यांनाच दिव्याचा अर्थ लागेल. इतरांना नुसता उजेड दिसेल. हा फरक ज्या मुलाने एकदा अनुभवला, त्यास पुढे समुद्र पाहण्याचा योग आला आणि रात्री क्षितिजावर एखादा झोत दिसला, तर तो आपोआप सेकंद मोजू लागेल. तसे झाले म्हणजे हा पाठ सफल झाला असे शिक्षकांनी समजावे.